व्याह्यांच्या घरची दुपारची झोप

झोपेत मी हत्तीसारखा दिसतो. डॉक्टरांचं म्हणणं, असंच दिसत राहा.

कारण सांगतो. मला झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे. माणूस घोरता घोरता एकदम गप्प होतो, घरातले 'सुटलो एकदाचे' म्हणून कूस बदलतात, आणि तेवढ्यात तो दचकून हवा ओढतो नि पुन्हा घोरायला लागतो. यावर एक यंत्र मिळतं. शिवणाच्या डब्याएवढी पेटी, तिच्यातून निघालेली लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मुखवटा. झोपेत ते हवा आत ढकलत राहतं. पेटीत थोडं शुद्ध पाणी लागतं, ते मी माझ्याच दुकानातलं घालतो. फोंडाघाटच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी तिथे कायम असतं. "इन्व्हर्टर आणि घोव, दोगवय एकाच पाण्यार चलतत," असं माझी बायको सुनंदा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. (घोव म्हणजे नवरा, म्हणजे मी.)

घरी काही अडचण नाही. अडचण परगावी. हॉटेलं बांधणाऱ्यांची अशी ठाम समजूत आहे की माणूस एकदा झोपला की त्याला विजेची गरज उरत नाही. प्लग टीव्हीशेजारी असतो, आरशाशेजारी असतो, एका ठिकाणी तर तो पंख्याच्या उंचीवर होता (कोणासाठी, देव जाणे). कोल्हापूरच्या एका लॉजवर चालू प्लग फक्त बाथरूमच्या दारात सापडला. मी गादी ओढून तिथेच डोकं केलं आणि सकाळी सुनंदाला दात घासायला माझ्यावरून उडी मारून जावं लागलं. गोव्याच्या हॉटेलात दाराजवळच्या खाचेत कार्ड असेल तरच वीज. सुनंदा ते कार्ड घेऊन नाश्त्याला गेली. यंत्र बंद, मी चालू! पाच मिनिटांत मॅनेजर दारात.

"साहेब, आत फर्निचर सरकवताय का?"

तेव्हापासून मी जय्यत तयारीनेच घराबाहेर पडतो. पाच मीटर वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, टेस्टर, चिकटपट्टी, पाण्याची बाटली. तीस वर्षं विजेच्या धंद्यात काढलेल्या माणसाला एक प्लग शोधता येऊ नये? भिंतीकडे नुसतं बघून आतली वायर कुठून कुठे गेलीय ते मी सांगतो. (घरचा मिक्सर दोन वर्षं खटखट करतोय, हा वेगळा विषय आहे.)

तर आमच्या सायलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा देवबागचा, प्रथमेश. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर त्यांचं घर. त्याचे वडील दाजी यांच्या पर्यटकांना फिरवायच्या दोन होड्या आणि घराला लागूनच राहायच्या चार खोल्या. दाजींची बायको दहा वर्षांपूर्वी वारली. घर आणि चूल त्यांची थोरली बहीण शेवंताआत्ये सांभाळते. मुलामुलीची पसंती झालेलीच होती. वडीलधाऱ्यांची बोलणी तेवढी बाकी होती आणि त्यासाठी दाजींनी आम्हा तिघांना दोन दिवस राहायलाच बोलावलं.

फोनवर त्यांनी सहज विचारलं होतं, "तब्येती बऱ्यो आसत मां?"

"आमच्या घराण्यात औषधाची गोळी कोणाक म्हायत नाय," मी म्हणालो. बोलण्याच्या भरात माणूस बोलून जातो.

सुनंदा म्हणाली, "सरळ सांगून मोकळे होवा. चोरी केलास काय तुमी?"

पण मला धीर झाला नाही. मुलीच्या बापाला झोपायला यंत्र लागतं म्हटल्यावर लोक काय म्हणतील? आज बापाला, उद्या चेडवाला, म्हणजे मुलीला! सायलीचा त्या मुलावर जीव होता. माझ्या नाकापायी तिचं लग्न मोडलं असतं तर मला जन्मभर तिच्यासमोर उभं राहता आलं नसतं. ही भीती खरी होती आणि ती मी कोणाला दाखवली नाही. वरवर एवढंच म्हणालो, "दोन दिवसांचा तर प्रश्न. मी सांभाळून घेतो."

सायली माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही काही सांभाळू नका हां," ती म्हणाली.

दाजी रस्त्यापर्यंत घ्यायला आले. माणूस उंच, काळासावळा, बोलायला मोकळा. माझ्या हातातली पिशवी त्यांनी हट्टाने घेतली.

"ह्येच्यात काय आसा, शेटनू? जड लागता."

"पंप," मी म्हणालो.

थाप मारायची तर धंद्यातली मारावी, म्हणजे पुढे अडखळायला होत नाही, असा माझा अनुभव. शिवाय हवा ढकलतो म्हणजे एका अर्थी तो पंपच. पण दाजींचा चेहरा खुलला.

"बरा झाला हाडलात. आमच्या मोटरीचा काय खरा नाय."

"सॅम्पल आसा," मी घाईने म्हणालो. "मगे बघूया."

सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पायरीवर चप्पल काढण्यात बराच वेळ घालवला.

जेवणाबद्दल काय सांगू? तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, वर वाडगाभर सोलकढी. शेवंताआत्येने माझं 'पुरे' एकदाही ऐकलं नाही आणि खरं सांगायचं तर मी ते फार मोठ्याने म्हटलंही नाही. हात धुतानाच डोळे मिटायला लागले. तेवढ्यात प्रथमेश म्हणाला, भरती आहे तोवर होडीने संगमापर्यंत जाऊन येऊ. सुनंदा आणि सायली निघाल्या. मी पोटावर हात ठेवून नकार दिला.

जाताना सुनंदा कानाशी म्हणाली, "मशीन लावल्याबगर आडवे होव नका. नायतर झोपाच नका."

"तू जा गो. हयसर मी आसंय."

आम्हाला दिलेली एक नंबरची खोली झकास होती. एकच खोट. भिंती चिऱ्याच्या, पण छपरापर्यंत पोचलेल्या नव्हत्या. वारा खेळावा म्हणून वर कौलांखाली हातभर मोकळी जागा. म्हणजे मी यंत्राशिवाय झोपलो असतो तर माझं घोरणं चारही खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी यांना सारखं वाटून मिळालं असतं. यंत्र लावणं भाग होतं. दाराजवळच्या प्लगला टेस्टर लावला. मेलेला, खाऱ्या हवेत बिचारा गंजून गेला होता. कपाटाशेजारचा तसाच. मग मी खिडकीतून बाहेर डोकावलो.

बाहेर मागची पडवी. तिथे खुंट्यांवर होडीतली नारिंगी लाइफ जॅकेटं टांगलेली आणि त्यांच्या आड एक बोर्ड. बोर्डात मोठा तीन पायांचा प्लग, बटन बंद, वायर सरळ विहिरीकडे गेलेली. एका नजरेत ओळखलं, पाण्याची मोटर. दुसऱ्या नजरेत निर्णय घेतला. भर दुपारी पाणी चढवतो कोण? आमच्या फोंडाघाटात, म्हणजे फोंड्यात, पाणी सकाळी चढतं, म्हणजे ते सगळीकडे सकाळीच चढत असणार. मी मोटरचा प्लग काढला, माझा खोचला, बटन चालू केलं, वायर खिडकीतून आत घेतली आणि जॅकेटं पुन्हा नीट पसरून ठेवली. बाहेर दिसत होतं ते फक्त बटन. काम इतकं साफ झालं की मीच माझ्यावर खूश झालो. मुखवटा चढवला आणि झोपलो.

पुढचा भाग मी झोपेत असल्यामुळे मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळला. तो अजूनही कळतोच आहे, कारण देवबागेत तो दर खेपेला थोडा वाढतो.

देवबागेत पाणी दुपारीच चढवतात. पर्यटक तीनच्या सुमाराला समुद्रातून परत येतात, अंगभर मीठ आणि चड्डीभर वाळू घेऊन, आणि चारही खोल्यांचे शॉवर एकदम सुटतात. त्या दिवशीही माझी खोली सोडून तिन्ही सुटले आणि टाकी रिकामी झाली. दोन नंबरच्या खोलीतले पुण्याचे एक गृहस्थ डोक्याला शांपूचा फेस फासून बसले होते.

"अहो, पाणी गेलं की इथलं," ते आतून म्हणाले.

शेवंताआत्ये पडवीत आली आणि रोजच्या सवयीने, न बघता, तिने मोटरचं बटन दाबलं. बटन आधीच चालू होतं. ते बंद झालं. माझं यंत्र थांबलं आणि मी सुरू झालो.

माझं घोरणं जुन्या मोटरीसारखं आहे असं जाणकार सांगतात. आधी घरघर, मग चढता सूर, मग एकदम शांतता, मग ठसका बसून पुन्हा घरघर. कौलांखालच्या फटीतून तो आवाज पडवीत उतरला. मोटर लागली, असं समजून आत्ये आत गेली. पाणी येईना. परत येऊन तिने बटन दाबलं. यंत्र पुन्हा सुरू झालं (फार शहाणं यंत्र आहे, श्वास जाणवला की आपोआप चालू होतं) आणि सगळं शांत. पुन्हा दाबलं, घरघर. पुन्हा दाबलं, शांत. तिने भावाला हाक मारली.

"दाजी, बटन उलटा झाला हा रे. बंद केल्यार मोटर चलता, चालू केल्यार बंद पडता."

आणि आणखी एकदा दाबून दाखवलं. दाजींनी मान कलती करून नीट ऐकलं. "चलता खरी, पण मधीच अडकता. मोटरीन वारो धरल्यान."

घरी विहीर असलेल्यांना हे सांगायला नको. पाइपात हवा शिरली की मोटर नुसतीच गुरगुरते, पाणी काही ओढत नाही. मग तोंड खोलून वरून पाणी ओतावं लागतं. दाजींनी बटन दाबून आवाज गप्प केला, विहिरीवर जाऊन दोन कळश्या ओतल्या आणि तिथून हाक दिली, "दाब गो!" आत्येने दाबलं. दाजींचा हात मोटरवर. मोटर गार आणि मुकी, आणि घरघर येतेय घरातून!

"मोटर हयसर आणि आवाज थंयसर," दाजी म्हणाले. "ह्या कसा?"

"ह्या काय बरा नाय, दाजी," आत्ये म्हणाली. तिने हात जोडले आणि मग धीर करून बटन आणखी एकदा दाबलं. शांत.

एव्हाना पुण्याचे गृहस्थ टॉवेल गुंडाळून पडवीत आले होते. फेस डोळ्यांत उतरत होता. "तुमच्याकडे आलेले पाहुणे इलेक्ट्रिकवाले आहेत ना? मग त्यांनाच विचारा की," ते म्हणाले.

दाजींनी कपाळावर हात मारला. घरात पंपाचा व्यापारी, त्याच्याजवळ कोरा करकरीत पंप, आणि आपण कळश्या ओततोय! सगळी वरात माझ्या खोलीकडे निघाली. पुढे दाजी, मागे आत्ये, तिच्यामागे पुण्याचे गृहस्थ आणि त्यांच्यामागे तीन आणि चार नंबरमधली वाळूने माखलेली मंडळी. दार नुसतं लोटलेलं होतं. दाजींनी ते ढकललं.

आत मी. डोळे मिटलेले, तोंडावर मुखवटा, त्यातून निघालेली नळी, उशाशी गुणगुणणारी पेटी. जमिनीवर रिकामी पिशवी.

"म्हणजे पंप तो हा?" पुण्याचे गृहस्थ कुजबुजले.

शेवंताआत्येने माझ्या नाकापासून सुरुवात केली. नाकाकडून नळी, नळीकडून पेटी, पेटीतून वायर, वायर खिडकीतून बाहेर, बाहेर पडवी, पडवीत बटन. तिथे पोचल्यावर ती उंबऱ्यातच बसली.

"दाजी," ती म्हणाली, "मी पावण्यांचो श्वास बंद केलंय. एकदा नाय. चार येळा."

 दाजींच्या बायकोच्या तोंडावर शेवटचे आठ दिवस असाच मास्क होता, हे मला पुढे कळलं. त्यांना दुसरं काही दिसलंच नाही. मला हलवलं तर काही विपरीत होईल म्हणून त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. गावातल्या डॉक्टरांना फोन केला, ते अर्ध्या तासात येतो म्हणाले. आता अर्धा तास नुसतं कसं उभं राहायचं? त्यांनी आतून नारळ आणला, दारात उभे राहिले आणि देवाला गाऱ्हाणं घातलं.

मला जाग आली ती त्या आवाजाने.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो फोंड्याचो पावणो तुझ्या लेकराच्या दारात इलो हा."

"व्हय म्हाराजा," बाकीचे.

"तेका काय आजार आसा तो तेणां सांगूक नाय. पोरीचा लगीन मोडात म्हणान भियालो आसतलो. तेच्या मनातलो भंय काढून टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या शेवंतान बटन दाबल्यान, ता नेणतेपणी. तो दोष तिच्यार ठेवू नको."

"व्हय म्हाराजा!" हा आवाज एकट्या शेवंताआत्येचा.

"ह्येका उठवन बसव. ह्येचा चेडू माझ्या घरात लेक म्हणान येताला. लेकीच्या लग्नाक बापूस समोर उभो व्हयो, रे म्हाराजा."

"होय महाराज," पुण्याचे गृहस्थ म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो फक्त शांपूमुळे नव्हता.

मी डोळे मिटून पडून राहिलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या माणसापासून मी दोन दिवस तोंड लपवणार होतो, तो माझ्या मनातलं सगळं न सांगता ओळखून देवाकडे माझी वकिली करत होता. मला रडू आलं. आणि हे यंत्र लावून रडायची सोय नाही! गालावरून पाणी ओघळलं, मुखवट्याची कड ओली झाली आणि तिच्याखालून हवा सुटली. फुर्रर्र करून.

"दाजी, जीव जाता," आत्ये म्हणाली.

आता उठणं भागच होतं. मी ताडकन उठून बसलो आणि म्हणालो, "मी बरो आसंय." पण मुखवट्यातून बोललेलं माणसाचं वाटत नाही, रांजणातून आल्यासारखं वाटतं. पुण्याचे गृहस्थ मागच्या मागे उडाले. टॉवेल धरून ठेवायचं भान त्यांना राहिलं, एवढंच त्या दुपारचं सुदैव.

नेमक्या तेव्हाच होडीवरून सुनंदा, सायली आणि प्रथमेश परतले. दारात गर्दी, दाजींच्या हातात नारळ. सुनंदाचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग गर्दीतून तिला मी बसलेला दिसलो.

"काय केलात?" तिने विचारलं. काय झालं, असं तिने विचारलं नाही. तीस वर्षांनंतर ते विचारावं लागत नाही.

मी मुखवटा काढला आणि सगळं सांगून टाकलं. आजार, फोनवरची फुशारकी, पंप, पडवीतला प्लग. सांगताना माझी नजर दाजींच्या पायांवर होती. सायली दाराला धरून उभी होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दाजींनी नारळ खाली ठेवला. "शेटनू, आजार सांगलात आसता तर आमी मदत केली आसती," ते म्हणाले. "लपवलात म्हणान माझो जीव गेलो हुतो."

"आणि लगीन?" मी विचारलं.

"लगीन कित्याक मोडताला? चेडू तुमच्यासारखा नाय मां?"

सायली हसली. आधी ती, मग सुनंदा, मग सगळेच. मी सगळ्यांत शेवटी हसलो, पण मनापासून हसलो. माझ्या छातीवरचं केवढं ओझं उतरलं ते मलाच माहीत.

हसू ओसरलं तसा प्रथमेश चुळबुळायला लागला. तो सायलीकडे बघत होता, सायली माझ्या उशीकडे.

"बाबा," ती म्हणाली, "जरा उशी उचला."

मी उशी उचलली. पलंगाच्या उशालगत, भिंतीवर, कोरा बोर्ड. तीन प्लग, वर लाल दिवा. सायलीने प्रथमेशला माझ्या यंत्राबद्दल सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं आणि त्याने गेल्या आठवड्यात मुद्दाम माझ्यासाठी तो बसवून घेतला होता. मला संकोच वाटू नये म्हणून घरात कोणाला बोलला नव्हता. सायलीलाही त्याने ते आत्ता होडीत सांगितलं. खोलीला चार भिंती. तीन मी टेस्टर घेऊन हिंडलो आणि चौथीला टेकून झोपलो! (टेस्टर लावून बघितला. चालू होता.)

त्यानंतर मोटरचा प्लग जागेवर गेला, टाकी भरली, पुण्याच्या गृहस्थांचं डोकं धुवून झालं. डॉक्टर आले, त्यांनी मला ठणठणीत ठरवलं, शेवंताआत्येचं ब्लड प्रेशर तपासलं आणि चहा पिऊन गेले. संध्याकाळी बोलणी झाली. मी फारसा बोललो नाही, त्यामुळे ती लवकर आटोपली.

लग्न थाटात लागलं. सायली त्या घरात सुखात आहे. शेवंताआत्ये मात्र अजून मोटर लावायच्या आधी कधीमधी मला फोन करते आणि विचारते, "शेटनू, तुमी आता खंय आसात?" मी दुकानात आहे म्हटल्यावर मग ती बटन दाबते.

यंदा दाजींनी आणखी दोन खोल्या बांधायला काढल्या. म्हणजे वायर आली, बोर्ड आले, पंखे, दिवे, सगळंच आलं. व्याह्यांचंच इलेक्ट्रिकचं दुकान म्हटल्यावर दुसरीकडे कोण जाणार? मी मालाची यादीसुद्धा करून ठेवली. महिना गेला, दोन गेले. परवा देवबागेत गेलो तर खोल्या तयार, दिवे लखलखीत, आणि सामान सगळं कणकवलीच्या दुकानातलं. मी दाजींकडे नुसतं बघितलं.

दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शेटनू, राग धरू नका," ते म्हणाले. "चेडू तुमच्याकडसून घेतलाव, तेच्यात आमचा काय एक चुकूक नाय. पण विजेचा काम कसा, ता जाणत्या माणसाकडसून केलेला बरा."